मशिदीखालचं चर्च

आपली जीभ आपल्यालाच कशी तोंडघशी पाडते बघा. इथे आखातात माझ्या ऑफिसातल्या अलीच्या गावात पडक्या मशिदीखाली फार जुनं चर्च सापडलंय. परवा त्याने मला आणि बायकोला ते उत्खनन दाखवायला नेलं. क्रॉस कोरलेलं खापर बघून मी हसत म्हणालो, "म्हणजे तुम्ही लोक आधी ख्रिश्चन होता?"

"असू की," अली म्हणाला. "तुम्ही बौद्ध ना? मग तुम्ही आधी कोण होता?"

त्याने सहजच विचारलं होतं. माझी मात्र मान वर होईना. इथल्याच सित्रा बेटावर राहणाऱ्या माझ्या एका गाववाल्याने मला हाच प्रश्न विचारून जात काढली, तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलंय.

 परत येताना गाडीत बायको म्हणाली, "अलीवर नका रागावू. आज सुरुवात तुम्ही केलीत."