सापाच्या वर्षातले आजोबा

आदरणीय अध्यक्ष, आपल्या केंद्राचे संचालक नामगुंग साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या विभागप्रमुख तक ओक-बुन बाई, आणि मागे किम्बापच्या ताटांवर डोळा ठेवून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी प्यो सेजिन. बाईंच्या हाताखाली सहा वर्षं आकडे जुळवले. आज इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट ओठांवर आली आहे!

महामारीतलं ते सहा देशांचं कोष्टक आठवतं ना? कुणी अख्ख्या देशाला कुलूप ठोकलं, कुणी नुसत्या शाळा बंद केल्या, आणि कुठे कोणत्या वयाची किती माणसं गेली. ऐंशीच्या आतले मृत्यू आपल्याकडे सगळ्यांत कमी! तेही शहरं बंद न करता! आमचं नाचायचंच बाकी होतं. दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचं होतं, आणि त्या यशावर बाई उपसंचालक होणार हे ठरल्यातच जमा होतं.

तेवढ्यात बाईंनी पडताळणीसाठी दाएगूच्या एका आजींना फोन लावला.

"आजी, आजोबा गेले तेव्हा किती वर्षांचे होते?"

"ऐंशी."

"आणि जन्म कोणत्या वर्षातला?"

"सापाच्या! पण डंख सगळे मी सोसले हो."

सापाचं वर्ष? म्हणजे एकोणीसशे एकेचाळीस, आणि आजोबा गेले दोन हजार वीसमध्ये. मग ऐंशी पुरी कुठून? आपली जुनी कोरियन रीत, जन्मताच एक वर्ष, नववर्षाला आणखी एक. घरच्यांनी सांगितलेली वयं तशीच तक्त्यात चढली होती, इतर देशांची मात्र वाढदिवसाने मोजलेली. आपली अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची माणसं ऐंशीपार ढकलली, म्हणून आपण पहिले!

कुणीतरी म्हणालं, "राहू द्या ना, चूक आपल्याच फायद्याची आहे."

बाई कडाडल्या, "मेलेल्याचं वय वाढवून देशाची शान वाढवता? लाजा नाही वाटत?"

जाहीर करणं थांबलं. बाईंनी चारशे घरांत फोन करून जन्मतारखा विचारल्या. आपण तिसरे आलो, आणि पद दुसऱ्याला गेलं. अहवालात बाईंनी लिहिलं, "वयाच्या नोंदीतली चूक माझी."

ती त्यांची नव्हती! वयं मी चढवली होती. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. बाई ते जाणून होत्या, आणि मी भित्र्यासारखा गप्प बसलो.

बाई, हात हलवून थांबवू नका, आज मी ऐकणार नाही!

आपण सर्वांनी मला बोलू दिलंत, मनापासून आभार. बोलताना काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. पण अध्यक्ष महाराज, ती चूक पोटात घालू नका. आजच्या इतिवृत्तात ती माझ्या नावावर लिहा.