बारीक खाचेचा तुकडा

नाही हो हेमाताई, रिपोर्ट मीच लिहिलाय — खालची सही लागत नसेल तर अनंत बर्वे अशी वाचा — आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की प्रेस मशीनच्या शाफ्टला भेग आढळली नाही. महिन्याभरात तोच शाफ्ट तुटला, जड चाक निसटून तुमच्या साईनाथच्या हातावर आलं, आणि कारखानेवाले म्हणतात त्यानंच नको इतका जाड पत्रा घातला. बसा, चहा गार होतोय. म्हणजे धायरीहून दोन बस बदलून कोथरूडला आलात ते नवऱ्याचं नेमकं काय चुकलं हे विचारायला? त्यालाही तसंच वाटतंय? जेवत नाही धड? हं.

आता बघा, हे पेनासारखं दिसतंय ना, ते शाफ्टवरून फिरवायचं — धातूत विजेचे भोवरे उठतात, भेग आली की त्यांची वाट अडते आणि या पडद्यावर रेघ उसळते. दर फटक्याला लोखंड थकतं, केसाएवढी भेग पडते, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर आम्हाला बोलावतात. फक्त आधी यंत्र मुद्दाम खाच पाडलेल्या नमुन्याच्या तुकड्यावर बेतून घ्यायचं. हा घ्या, खाचेवर नख फिरवा. अडकलं? अडकणारच, खोल आहे. आता हा दुसरा — नाही ना अडकत? शाफ्टला हा लागतो. यावर बेतलं की बारीक भेगेलाही रेघ वर जाते, त्या खोल खाचेवर बेतलं तर जेमतेम हलते.

कोणता वापरला? विचारलं नाहीत तुम्ही, पण बघताय तशाच. बरोबरचाच, दुसरा कुठला — म्हणजे — बारीक तुकडा त्या दिवशी याच ड्रॉवरमध्ये राहिला होता. सिंहगड रोडच्या त्या गर्दीतून परत कोण येणार, एवढंच कारण, मोठं काही असतं तर सांगताना लाज तरी कमी वाटली असती. आणि रेघ हलली होती हो. थोडीशी. मी म्हटलं, माझाच हात हलला असेल — तीस वर्षं कधी हलला नाही, नेमका त्या दिवशी हलायला. साईनाथ शेजारीच उभा होता. त्यानं तुकडा उचलला, नख फिरवलं आणि हळूच म्हणाला, साहेब, नेहमीचा नाही वाटत हा, उद्या करता का, तोवर मी मशीन बंद ठेवतो. मी काय म्हणालो असेन? आता तू मला शिकव. चारचौघांत म्हणालो. तो हसला आणि बाजूला झाला.

हे सांगितलं नाही त्यानं तुम्हाला? हात गेला तरी नाही? साहेब म्हणाले म्हणजे बरोबरच असणार, असं धरून बसलाय वाटतं. माझ्या शब्दावर.

राहू द्या, कप मी उचलतो. हा बारीक तुकडा घेऊन जा, साईनाथरावांना द्या, म्हणावं तुमचं बरोबर होतं, बर्वे चुकले. कारखान्याला मी आजच तसं लिहून देतो, सही वाचता येईल अशी करून. आणि म्हणावं, याच्यावरून एकदा नख — त्यांनी उजव्या हाताचं नख फिरवलं होतं. गेला तो उजवाच ना?

निघा तुम्ही. दार ओढून घ्या.