पलंगावरचं ऊन

गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात सोमनाथ लिफ्टच्या रांगेत उभा होता. मागे डबा घेतलेली एक बाई नवऱ्यावर तणतणत होती.

"सात वाजले! दिवस मावळल्यावर आई घासभरही खात नाहीत. आणि नर्सनं इन्सुलिन देऊन ठेवलंय."

"अगं, आज एकवीस जून. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. मावळायला सव्वासात होतील."

"खरंच?"

"खिडकीतून बघ की."

"अगं बाई, ऊन आहे अजून!"

लिफ्ट आली. सोमनाथ बाजूला सरला.

"ताई, आधी तुम्ही जा."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"आई, आलेच मी!"

"सावकाश ये गं. ऊन माझ्या पलंगावरच आहे अजून. डब्यात तुझी भाकरी घेतलीस ना? सकाळपासून उपाशी असशील. दोघी उजेडातच जेवू."