शंभर वर्षांचा कोळसा

जिंतूरच्या बसस्थानकावर माझ्या शेजारी नर्मदाबाई आणि त्यांचे दीर बन्सीधर बसले होते. सामायिक शेतात कोळसा पुरण्याचा एका कंपनीशी होणारा करार बाईंच्या मांडीवर होता. दिराची सही तेवढी राहिली होती.

“वहिनी, कापसाची वाळली पऱ्हाटी आपण चुलीलाच घालत आलोत की.”

“जाळली की तिच्यातला कार्बन परत हवेत जातोय, भावजी. कोळसा करून मातीत मिसळला की तितंच ऱ्हातोय.”

“किती दिस?”

“शंभर वर्सं. तवर ती माती कुणी उकरून विकायची न्हाई. दरसाल तपासणी व्हणार.”

“अन शंभर वर्सं राखणार कोण? आपण तर जाणार.”

“म्हणून वारस म्हणून नातीचं नाव घातलंय.”

“ती तर आजून रांगायलीय.”

“तिच्यानंबी पुरं व्हायचं न्हाई. कंपनीच्या साहेबाला तिच्या नावाखाली दोन ओळी मोकळ्या सोडायला लावल्या.”

“कुणासाठी?”

“जन्मायचेत आजून ते.”

बन्सीधर कोऱ्या ओळींवरून बोट फिरवत राहिले.

“एवढं सगळं हवेतून धरून ठिवलं व्हतं पऱ्हाटीनं. अन आमी त्याच्यावर भाकरी भाजल्या.”

मग ते माझ्याकडे वळले. “दादा, तुमचा पेन देता का जरा?”

सही झाल्यावर त्यांनी त्या दोन ओळींखाली हळूच तिसरी ओळ ओढली.