जजबाईंची आई मागच्या बाकावर

...आणि भर कोर्टात, तुम्हाला सांगते, वकील बसलेत, पोलीस बसलेत, पेपरवाले पेनं उघडून बसलेत, आणि माझी पोटची लेक वर खुर्चीवरून म्हणते काय, "काम सुरू करण्याआधी नोंद घ्या, मागच्या बाकावरची निळ्या स्वेटरातली बाई माझी आई आहे, आणि तिनं आज सकाळी आगाऊपणा केला आहे." आगाऊपणा! जिच्या मी वेण्या घातल्या, नाक पुसलं, ती असं म्हणते, आणि खाली बसलेला टायपिस्ट खटाखट टाईपसुद्धा करतो. म्हणजे सरकारदरबारी आता मी कायमची आगाऊ. अशा पोरीला काय करायचं, सांगा.

नाही, पण आधीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी कुठून कुठे जाते. एक माणूस होता, लांबच्या देशातला, इथं धुलाईच्या कारखान्यात हॉटेलांच्या चादरी धुवायचा. त्याचा देश म्हणतो, हा आमच्याकडे एका तरण्याताठ्या पोराला सुरा मारून पळालाय, पाठवा परत. हा म्हणतो, मी मारलंच नाही, आणि परत पाठवाल तर तिथं माझं कोणी ऐकूनही घेणार नाही, सरळ फासावर. मग पाठवायचा की नाही हे ठरवणार कोण? माझी लेक. घरी भाजी कुठली करू विचारलं तर "आई, तूच ठरव" म्हणणारी माझी लेक.

बरं, गल्लीला दुसरं काम नाही. दूधवाला म्हणतो, "आजी, मॅडमना सांगा की, द्या पाठवून, आपल्याला कशाला परक्याचं लचांड." केस कापणारी बाई कात्री थांबवून म्हणते, "खुनीच तो, डोळे बघितलेत त्याचे?" आता खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटायचं. पण लेकीच्या पोटातून काही काढायचं म्हणजे... मी त्याचा फोटो आलेला पेपर मुद्दाम तिच्या ताटाशेजारी ठेवला, तर बाईसाहेबांनी त्याच्या तोंडावर चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "आई, गुडघा कसा आहे?"

म्हणून गेले मी कोर्टात. उघडं कोर्ट आहे, कोणीही बसावं. आणि बघते तर काय, सरकारी वकील एक वाक्य बोलला की ही हात वर करून थांबवणार, दुभाषीण ते त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणार, तो मान हलवणार, मग पुढचं वाक्य. वकील घड्याळ बघून बघून कंटाळला. म्हणाला, "मॅडम, थोडक्यात सारांश सांगितला तर?" ही शांतपणे म्हणाली, "तुमचा स्वतःचा जीव टांगलेला असता, तर तुम्हाला सारांश चालला असता?" मी बाकावर एवढी फुगले की शेजारची बाई सरकून बसली.

आणि ती शेजारची बाईच तर सगळं प्रकरण. माझ्याच वयाची, परक्या देशातली, काळा कोट, रुमाल तोंडाला लावून मुसमुसत होती. मी म्हटलं, ही त्या माणसाची आईच. आईचं आईला कळतं ना? मग मी तिला खोकल्याची एक गोळी दिली, तिचा हात धरला, पिंजऱ्यातल्या माणसाकडे बोट दाखवलं, वर खुर्चीकडे दाखवलं, छातीवर हात ठेवला, म्हणजे ती माझी हो, आणि अंगठा वर केला, म्हणजे सुटेल, काळजी करू नका.

जेवणाच्या सुट्टीत दुभाषीण माझ्याकडे आली, चेहरा पांढराफटक. "आजी, ती त्याची आई नाही. मेलेल्या मुलाची आई आहे. त्या देशानं तिला कोर्टात रडायला आणलंय."

तुम्हाला सांगते, मी कपाळावर हात मारला. ज्या बाईचं पोर मारलं तिला मी अंगठा दाखवून आले होते... आणि वरच्या खुर्चीतून लेकीनं सगळं पाहिलं होतं. दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती की नाही? पण ही सुट्टीनंतर कोर्ट भरल्याबरोबर सगळं बोलली, वर म्हणाली, "कोणाची हरकत असेल तर हा खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे जाईल." आणि दुसरे न्यायाधीश म्हणजे कोण, तर ते गालफुगे साहेब, जे समोरच्याचं नाव ऐकायच्या आत "पाठवा" म्हणतात. पिंजऱ्यातल्या माणसानं कठडा असा धरला की बोटं पांढरी पडली. माझ्या एका अंगठ्यापायी त्याचा जीव जायची वेळ आली. सरकारी वकील तर उठलाच, कोटाची बटणं लावत.

तेवढ्यात ती काळ्या कोटातली बाई उभी राहिली. दुभाषीण एकेक वाक्य सांगत गेली. "माझी हरकत नाही. तिकडे मला सांगितलं, तुम्ही ऐकून काय करणार, घरी जा, आम्ही त्याला लटकवतो. माझा मुलगा कसा गेला, हे मी पहिल्यांदा इथं ऐकतेय, एकेक वाक्य. मला पुरतं ऐकायचंय. ह्यानंच मारलं का, तेही. आणि त्या बाई खोडकर दिसतात, पण गोळी चांगली होती."

वकील बसला. बटणं तशीच.

मग लेक म्हणाली, "त्या देशानं शब्द दिलाय, आरोपीला वकील देऊ. मला तो वकील दाखवा." दाखवला, पडद्यावर. टाय लावलेला, हसरा. हिनं विचारलं, "तुम्ही आरोपीशी बोललात?" तो काहीतरी म्हणाला. त्याचीच भाषा, त्यामुळं पिंजऱ्यातल्याला आमच्याआधी कळलं, त्यानं डोळे मिटून घेतले. मग दुभाषीण बोलली, "बोलायची गरज काय? गुन्हा कबूल करून माफी मागून टाकू. एका दिवसाचं काम आहे."

तेवढं ऐकलं आणि लेकीनं निकाल दिला: पाठवायचा नाही, सोडायचाही नाही, खटला इथंच चालेल, कायद्यात तशी सोय आहे, आणि त्या आईलाही प्रत्येक तारखेला तिच्या भाषेत ऐकवायचं. गल्ली माझ्यावर रुसली. दूधवाला अजून बोलत नाही. अशा पोरीला काय करायचं, सांगा.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "आता तरी बोल. मारलं का त्यानं?"

"मला माहीत नाही, आई."

"अगं, एवढं सगळं ऐकलंस की."

"ते ठरवणं माझ्याकडे नव्हतंच. जो ठरवेल त्यानं आधी ऐकून घ्यावं, एवढंच माझ्याकडे होतं."

मला इतकं भरून आलं, म्हटलं उठून हिच्या डोक्यावरून हात फिरवावा... तर हिनं फ्रिज उघडला. आणि तशीच उभी राहिली.

"आई, केक तू खाल्लास. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना. उद्यापासून घरात केक येणार नाही."

झालं. ना वकील, ना साक्षीदार, ना तारीख. "अगं, पण ऐक तरी," म्हणेपर्यंत फ्रिज बंद. आता खाल्ला होता मीच, तो भाग सोडा, पण विचारायचं तरी? पळून जावं म्हटलं दुसऱ्या देशात, तर ही मला मागवून घेईल. आणि "म्हातारीचं आधी ऐकून घ्या, मगच पाठवा" असं म्हणणारी जज सगळ्या जगात मला एकच ठाऊक आहे, आणि ती आत्ता स्वयंपाकघरात माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा करतेय.