रडण्याची चाचणी

आई : म्हणजे मॅडम, तो रडला नाही म्हणून माझा नाही?

मॅडम : असं कुठे म्हटलं मी? बसा आधी, ताई. कोर्टाने घ्यायला लावलेल्या चाचणीत मागच्या खेपेला जे झालं ते सांगतेय. तुम्ही उठून बाहेर गेलात, तर त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. अनोळखी बाई आत आली, तर सरळ तिच्या मांडीवर जाऊन बसला.

आई : मांडी दिसली, बसला. आमच्या शिवणाच्या कारखान्यात आम्ही सात जणी मशीनवर. हा महिन्याचा होता तेव्हापासून तिथेच. जिचा हात रिकामा ती घेणार. भूक लागली की जी जवळ तिच्याकडे तोंड वर करतो. गुंड्या हे नावसुद्धा त्यांनीच पाडलं.

मॅडम : कळतंय मला.

आई : आणि रडायचं नाही हे आम्हीच शिकवलं की त्याला. आई निघाली की हात हलवायचा. शहाणं बाळ म्हणून सगळ्या मुके घ्यायच्या. तेच आता अंगाशी आलं.

मॅडम : ही चाचणी आपल्याकडची नाही हो. जिथे बनली तिथली बाळं दिवसभर एकट्या आईजवळ. आई गेली की रडायची, आली की बिलगायची. तसं झालं तर नातं घट्ट, नाही तर काहीतरी बिघडलंय. त्यांच्या घरांचं माप सगळ्या जगाला लावतात. मीही तेच शिकले.

आई : तुम्हाला पटतं हे?

मॅडम : मला काकूने वाढवलं. आई कामावर निघाली तरी मी खेळत बसायची. म्हणून काही ती मला परकी नव्हती.

आई : मग तसं लिहा ना.

मॅडम : कोर्टात बोलले मी. गुंड्याच्या बापाच्या वकिलाने हसण्यावारी नेलं. म्हणाला, आता यांच्या काकूंवर निकाल द्यायचा का? पुन्हा एकदा चाचणी घ्या, एवढंच पदरात पडलं. आजही तसंच झालं तर तो बापाकडे जाईल, ताई.

आई : बापाने एक रात्र जागून काढली नाही त्याच्यासाठी.

मॅडम : ते चाचणीत येत नाही. त्यांची नवी बायको दिवसभर घरी असते, मुलाला वेगळी खोली आहे. कागदावर चांगलं दिसतं ते.

आई : घ्या मग चाचणी. आज रडेल तो.

मॅडम : कशावरून?

आई : मागच्या चाचणीपासून कारखान्यात नेलंच नाही त्याला. शिवण घरी आणते. खोलीत आम्ही दोघंच, दाराला कडी. सुरुवातीला एकेकीच्या नावाने हाका मारायचा, दाराशी जाऊन बसायचा. मग थांबला. परवा कारखान्यातल्या मोठ्या बाई खिडकीशी आल्या, हात पुढे केला, तर हा माझ्यामागे दडला. पहिली आंघोळ त्यांनी घातली होती त्याला. हात मागे घेऊन गेल्या बिचाऱ्या.

मॅडम : ताई, हे करायला मी सांगितलं नव्हतं.

आई : नाही सांगितलंत. मी त्याला आत सोडून येते. तुम्ही काचेतून बघा.

(आई मुलाला शेजारच्या खोलीत सोडून परत येते. दार लागतं. पलीकडे मूल किंचाळून रडू लागतं.)

आई : ऐकताय ना?

मॅडम : हो.

आई : घसा बसेल त्याचा. जाऊ?

मॅडम : थोडं थांबा. ती अनोळखी बाई आत गेलीय. बघा, ढकलतोय तिला. लाथा मारतोय. पुरे झालं, जा तुम्ही.

आई : आधी लिहा.

मॅडम : लिहिलं. आईशी नातं घट्ट. वाढ योग्य.

आई : मग उद्यापासून नेऊ ना त्याला कारखान्यात? पोर पार कोमेजलंय हो. मलाच बघवत नाही.

मॅडम : निकाल लागला तरी वर्षभर पाहणी असते, ताई. कधीही बोलावतील, हीच चाचणी घेतील.

आई : बरं. मग बायकांना सांगून टाकते, त्याची वाट बघू नका म्हणून.