एलोय बुस्तो त्या दिवशी मैदानात का उतरला नाही

सन्माननीय अध्यक्ष दॉन फ्रुक्तुओसो, व्यासपीठावरील महापौरबाई, क्लबचे आजी-माजी खेळाडू, पहिल्या रांगेत बसलेल्या एलोयच्या मातोश्री हर्मिनियाबाई, आणि एलोयच्या निरोपाच्या सत्कारासाठी खोऱ्यातल्या चारही गावांतून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी एतेल्विना प्राइदा, तुमच्या क्लबची डॉक्टर. एकोणीस वर्षं तुमचे गुडघे-घोटे हाताळले, माईक मात्र आज पहिल्यांदाच हातात घेतलाय. आवाज कापला तर सांभाळून घ्या.

एलोय बुस्तोबद्दल मी नवीन काय सांगणार? सतरा हंगाम, चारशे बारा सामने, आणि सगळे एकाच क्लबकडून. स्वतःचे गोल जेमतेम नऊ. पण इतरांच्या किती गोलांआधी चेंडू याच्या पायात होता, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. आमचे प्रशिक्षक हेर्वासिओ एकदा काठावरून ओरडले, "अरे, जरा पळ की!" हा शांतपणे म्हणाला, "चेंडूला पळवतोय ना साहेब. तो दमत नाही."

हसलात, बरं वाटलं. कारण मागच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, आणि त्या का रिकाम्या आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. मे महिन्यातला तो शेवटचा सामना. हरलो तर खालच्या श्रेणीत घसरणार. आणि आपला कर्णधार नव्वद मिनिटं बाकावर बसून राहिला. त्यानं दुसऱ्या क्लबशी बोलणी केली, म्हणून पाय राखले, असं तुम्ही म्हणालात. त्याच्या दारावर कुणीतरी लाल रंगात 'पळपुटा' असं लिहिलं. आज एलोयच्या परवानगीनं मी खरं काय ते सांगणार आहे.

त्याचा थोरला भाऊ निकानोर सव्विसाव्या वर्षी घराच्या जिन्यावर कोसळून गेला. कारण कळलं नाही. म्हणून मी एलोयच्या हृदयाची दरवर्षी तपासणी करायची. सोळा वर्षं सगळं ठीक निघालं. त्या सामन्याच्या चार दिवस आधी आलेला अहवाल ठीक नव्हता. हृदयाचा स्नायू जाड झाला होता. पळता पळता हृदय कधीही थांबू शकलं असतं.

मी त्याला सांगितलं. त्यानं कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "निकानोरला हेच होतं?"

"बहुधा."

"मग आईला कळता कामा नये. ती रोज माझा श्वास मोजत बसेल. आणि रविवारी मला खेळू द्या. एकच सामना."

"नाही."

"डॉक्टर, सतरा वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलंय?"

खेळण्याच्या परवानगीवर मी सही केली नाही. हेर्वासिओंना एवढंच कळवलं, की तो खेळण्याच्या स्थितीत नाही. ते म्हणाले, "निदान नाव तरी यादीत राहू द्या. समोरच्यांना धाक राहील." मी मान डोलावली. ती माझी चूक होती, आणि ती मी आज सर्वांसमोर कबूल करते.

सत्तराव्या मिनिटाला आपण एका गोलानं मागे होतो. एलोयनं जॅकेट काढलं. स्टेडियम उठून उभं राहिलं, आठवतंय? हेर्वासिओ दुसरीकडे बघत राहिले. तो रेषेकडे निघाला. मी धावत जाऊन त्याची बाही पकडली.

"सोडा, डॉक्टर. लोक बघताहेत."

"बघू देत. एक पाऊल पुढे टाकलंस तर पंचांना सगळं मोठ्यानं सांगेन. तुझी आई तिसऱ्या रांगेत आहे. तिलाही ऐकू जाईल."

त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं माझ्याकडे कुठल्या रुग्णानं पाहिलेलं नाही. मग तो मागे फिरला आणि बसला. आणि हुर्यो उडवणाऱ्या शिट्ट्या सुरू झाल्या. वीस मिनिटं तो त्या शिट्ट्या ऐकत, हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

आपण हरलो. पुढे ओविएदो शहरात त्याची शस्त्रक्रिया झाली, हृदय थांबलंच तर धक्का देऊन चालू करणारं एक छोटं यंत्र छातीत बसलं. सहलीला जातो असं घरी सांगून गेला होता. तो खोटं सांगतोय हे आईला कळलं, पण तिनंही दुसऱ्या क्लबचाच अर्थ काढला. पाच महिने ती त्याच्याशी बोलली नाही. ह्यानं तेही सोसलं.

गेल्या रविवारी जेवताना, घेवड्याच्या फाबादाच्या ताटावर त्यानं तिला सगळं सांगितलं. सोमवारी सकाळी हर्मिनियाबाई माझ्या दवाखान्यात आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दिवशी मीही शिट्टी वाजवली होती, डॉक्टर. तेव्हा त्याचं हृदय कसं चाललं होतं?"

मी म्हटलं, "जोरात. पण चाललं होतं."

त्या म्हणाल्या, "मग पुरे." आणि बाजारात गेल्या.

मंडळी, माफी मागा असं मी कुणाला म्हणणार नाही. जो त्या दिवशी जाऊ शकला असता, तो माणूस आपण गमावला नाही, एवढंच ध्यानात घ्या. आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, काही राहून गेलं असेल, तर उदार मनानं पोटात घाला. आता क्लबचं मानचिन्ह हर्मिनियाबाईंनी आपल्या हातानं मुलाला द्यावं अशी विनंती करते. आणि टाळ्या जपून वाजवायची गरज नाही. डॉक्टर म्हणून सांगते, त्याला काही होणार नाही.